शोभा मॅडमचं भेव

शोभा मॅडमइतकी भित्री बाई मी आजवर पाहिली नाही. हे वाचून तिचे अमेरिकेतले शिष्य माझ्यावर खवळतील. खवळू देत. त्यांनी तिला फळ्यासमोर पाहिलं, मी फोनसमोर पाहिलं आहे. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे, पण आठवणीत ती कायम ‘ती’च राहिली, म्हणून इथंही तसंच लिहिते.

दारव्ह्याला एका कापडदुकानाच्या माडीवर तिचा कम्प्युटर क्लास होता. मी बारावी होऊन घरी बसले होते. आईनं ‘पोट्टी दिवसभर लोळते’ म्हणून ओळखीनं तिथं चिकटवून दिलं. काम काय, तर प्रवेश नोंदवायचे, झाडू मारायचा, फोन उचलायचा. पहिल्याच दिवशी फोन वाजला. मॅडम खुर्चीतून उठली आणि थेट भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं.

“कल्पे, तू उचल,” ती म्हणाली. “अन् पह्यले मले सांग, चांगलं का वाईट.”

पलीकडं एक गृहस्थ मुलीसाठी क्लासची वेळ विचारत होते. मी फोनच्या तोंडावर हात धरून सांगितलं, “चांगलं.” तेव्हा ती खाली बसली, पदरानं मान पुसली आणि काहीच घडलं नाही अशा आवाजात म्हणाली, “सांग त्याहिले, चार वाजता या म्हना.” माझ्या मनात आलं, बाप्पा, कोण्या येडीच्या हाताखाली आलो आपण!

फोनचंच नव्हे, तिला सगळ्याचंच भेव. ढग गडगडला की ती आधी बोर्डातल्या सगळ्या पिना उपसायची, मग खिडकी लावायची, मग पोरांना मोजायची. मशीनला हात लावायचा तर पायात रबरी चप्पल पाहिजे, उघड्या पायानं कोणी दिसलं की अंगावर धावून जायची. जिन्यात कुत्रं झोपलं असलं तर खालूनच “कल्पेऽऽ” अशी हाक. आणि दाराकडे पाठ करून ती कधीच बसली नाही. एकदा मी खुर्ची फिरवून ठेवली तर दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

ती आमच्याच जिल्ह्यातली, घाटंजीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. अमरावतीला शिकली, पुण्याला मोठ्या कंपनीत लागली. तिथं चांगलं नाव काढलं होतं म्हणतात. मग एक दिवस ऑफिसात फोन आला. तिच्या काकानं, बापाच्या पाठच्या भावानं, फवारणीचं औषध घेतलं होतं. त्या सालांत आमच्याकडे या वाक्याच्या पुढं कोणी काही विचारत नसे. अळीनं पऱ्हाटी खाल्ली, उरलेल्या कापसाला भाव नाही, आणि दर आठवड्याला कोणत्या ना कोणत्या गावाचं नाव कानावर यायचं. अवेळी फोन वाजला की घरातली बाई आधी देवापुढं जायची आणि मग फोनकडं.

मॅडमनं नोकरी सोडली आणि परत आली. आई आधीच वारली होती, भाऊ नव्हता, खेड्यात बाप एकटा. गावात तर कम्प्युटरचा क्लास चालणार नाही, म्हणून दारव्हा धरलं. तिचा हिशेब एवढाच होता की जोवर आपण बापापासून जीपच्या पल्ल्यावर आहोत तोवर त्याला काही होणार नाही. हा हिशेब कोणत्या पुस्तकात असतो कोण जाणे, पण तिचा त्यावर देवासारखा विश्वास होता.

दर शनिवारी क्लास लवकर सोडून ती जीप धरायची. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळात जीप बदलून घाटंजी, तिथून मिळेल ते. एकदा मलाही घेऊन गेली. घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता ती थेट कोठ्यात शिरली. तिथं आडव्या फळीवर फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असायच्या, त्या किती आहेत, किती भरल्या आहेत, हे तिला पाहायचं असे. फळी रिकामी होती. ती पांढरीफटक पडून बाहेर आली, तर काकाजी, म्हणजे तिचे वडील, ओट्यावर पाय हलवत बसलेले. त्यांच्या बाजूला पाटावर फळीवरची उरलीसुरली एक बाटली. बाटलीला हळदकुंकू आणि पुढं झेंडूचं फूल.

“ये वं, दर्शन घे,” काकाजी म्हणाले. “शनवारची देवी हाय हे. माही लेक दारव्ह्यावून हिच्या दर्शनाले येते, बापाच्या नाई.”

मला हसू आवरेना. काकाजी माणूसच तसा होता, वाळकुडा, मिशीला पीळ, बोलला की समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय राहायचा नाही. मॅडम मात्र हसली नाही. तिनं बाटली उचलली, बूच घट्ट केलं, फुलासकट आपल्या पिशवीत टाकली.

“आता पऱ्हाटीले का दूध फवारू?” काकाजींनी विचारलं.

“फवारू नोका.”

“मंग अळी म्हनन, ‘चांगली पोट्टी हाय बा, सासरी पाठवा हिले.’”

परतीच्या जीपमध्ये ती पिशवी तिच्या मांडीवर होती. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी धरायची. शेजारची बाई म्हणाली, “अंडे हायेत का वं, माय?” मॅडमनं ‘हाव’ म्हटलं. पुढच्या शनिवारी फळीवर नवी बाटली होतीच, कारण शेत आहे तर फवारणी आहे. तिलाही ते कळत होतं. कळून भेव कमी होत असतं तर काय पाहिजे होतं!

पण शिकवायला उभी राहिली की ही बाई वेगळीच. आमच्याकडे तेव्हा दिवसाचं अर्धं भारनियमन. लाईन गेली की बाकीचे क्लास पोरांना घरी पाठवायचे. मॅडम त्यांना गच्चीवर न्यायची आणि पोरांचाच कम्प्युटर करायची. एक पोरगा ए, एक पोरगी बी, एक सी. हातात चिंचोके. “ए, तुयावालं सी ले दे. बी, तू ए ले दे. आता सी कडून घे. झाली का अदलाबदल?” कोणी चुळबुळ केली की ओरडायची, “तू मेमरी हायेस बे! मेमरी हालते का?” पंधरा-वीस पोरं उन्हात उभी राहून चिंचोके इकडून तिकडं देत आहेत, मधून कोणी “चूक, चूक!” ओरडतंय, आणि खाली लुगडं घ्यायला आलेल्या बाया वर पाहताहेत. एकदा एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, “हे कोन्त्या देवाचं हाय?” मी म्हटलं, “बिजलीच्या. ते गेली की करा लागते.”

आणि मशीनवर बसलं की तिचा एकच मंत्र, ‘एक ओळ लिहा, सेव करा’. लाईन कधी जाईल नेम नाही. वर ती कागदावरही उतरवून घ्यायची. आर्णीकडच्या तांड्यावरचा विलास तिचा लाडका. हा पुण्याला मुलाखतीला गेला. थंडगार खोली, समोर मशीन, प्रोग्राम लिहायला सांगितलं. हा गडी एक ओळ लिहितो, सेव करतो, खिशातला कागद काढून उतरवतो, पुन्हा एक ओळ. वेळ संपला तेव्हा अर्धाच झालेला. साहेबांनी विचारलं, कागद कशाला? म्हणे, “लाईन जाते, सर.” साहेब म्हणाले, इथं जात नाही. विलासनं वरच्या ट्यूबकडं पाहिलं आणि म्हणाला, “ते तुमी कसं सांगता?” ते हसले, पण जेवढं लिहिलं होतं त्यात एक चूक नव्हती, म्हणून घेतलं त्याला. पुढं कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं. तिथून पहिला फोन आला तेव्हा मी उचलून “चांगलं” म्हटलं आणि मॅडमच्या हाती दिला. तो म्हणत होता, “मॅडम, अथी लाईन जातच नाई. याडीले सांगतलं तं तिले खोटं वाटते.” याडी म्हणजे त्याची आई.

विलास गेला आणि सगळ्या क्लासला अमेरिकेची हवा लागली. एका दुपारी गच्चीवर मॅडमनं विचारलं, “कायले जाचं रे तुमाले?” कोणी म्हणालं पगार, कोणी म्हणालं गाडी, एकजण म्हणाला तिथं हुशारीची कदर होते. मॅडम ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “खोटं बोलून राह्यले सारे. पैशापाई कोनी जात नाई. भेवापाई जाते. बापासारखं आभायाकडे पाहून जगा नाई लागलं पाह्यजे म्हनून जाता. मीबी भेवानंच पुन्यावून आली. तुमचं भेव बाहीर पयवते, मायं घरी आनते, इतलाच फरक हाय.”  पोरांतल्या बहुतेकांच्या घरी कापूसच होता.

विलास तिलाही बोलवत होता. त्याच्या कंपनीला तिच्यासारखी माणसं हवी होती, पुण्याचं काम तिच्या नावावर होतं. दर फोनला तेच, “मॅडम, तुमी या.” आणि दर फोनला तिचं उत्तर तेच, “बाबाले कोन पाहीन?” मला राग यायचा. मी म्हणायचे, अहो, काकाजी टणटणीत आहेत, तुम्हीच त्यांना मनात रोज मारता. 

दिवाळीनंतरची गोष्ट. गावाबाहेरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, सेठनं तिच्याकडून वजनाचा प्रोग्राम करून घेतला होता. बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर चढली की वजन कम्प्युटरमध्ये जायचं आणि चिठ्ठी छापून निघायची. कापसाच्या बंड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, माणसं दोन-दोन दिवस बंडीखाली झोपलेली, बैल पेंगलेले. काट्याशेजारी टिनाची खोली, तिच्यात मशीन, मशीनवर मी आणि मॅडम. सकाळपासून लाईनीचा खेळ चालला होता, जात होती, येत होती.

दुपारी एक अर्धी भरलेली बंडी काट्यावरून उतरली, लाईन जाऊन आली, आणि शेषराव नावाच्या माणसाची बंडी चढली. शिगोशीग भरलेली. चिठ्ठी निघाली तर वजन अर्ध्या बंडीचं. शेषरावनं चिठ्ठी शेजाऱ्याकडून वाचून घेतली, बंडीकडं पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडं पाहिलं.

“माया कापूस का हवेत उडाला?” तो म्हणाला.

एवढंच म्हणाला, पण मागच्या बंड्यांवरून माणसं उतरली. कोणी ओरडलं, “कम्प्युटर चोर हाय!” कोणी ओरडलं, “सेठनं शिकोलं त्याले!” सेठ मागच्या दारानं कधी निघून गेला, कळलंही नाही. आम्ही आतून कडी लावली. टिनावर पहिला दगड पडला तेव्हा मला वाटलं छत फुटलं. मग काठ्या. ते टिन असं वाजत होतं की मॅडम काय बोलते ते तिच्या ओठांवरून कळत होतं. ती म्हणत होती, “पिना काढ.” हो, खरं सांगते, तशातही तिनं आधी पिना उपसल्या. मग माझं मनगट धरलं. माझ्या बांगड्या फुटल्या, रक्त आलं, तिलाही कळलं नाही आणि मलाही. मी तेव्हा नवस बोलले, किती देवांना बोलले ते मलाच आठवत नाही. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

आवाज एकाएकी थांबला. फटीतून पाहिलं तर शेषराव दाराला पाठ लावून उभा होता. “पोट्ट्या हायेत बे अंदर,” तो म्हणत होता. “पोट्ट्याहिले मारून वजन भेटते का?” त्याच्याच बंडीवरून भांडण सुरू झालं होतं आणि तोच आता आमच्यासाठी लोकांशी भांडत होता. त्यानं आम्हाला रस्त्यापर्यंत सोडलं. आणि तो आपल्या बैलांकडं परत गेला.

क्लासवर आल्यावर मी रडत बसले. मॅडमनं चिंचोके काढले. “तू काटा, मी मशीन,” ती म्हणाली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण ती मानेना. मी अर्ध्या बंडीचे म्हणून थोडे चिंचोके दिले, तिनं उजव्या हातात घेतले आणि तेवढेच डाव्या हातात, म्हणजे हरवू नयेत म्हणून जपून ठेवले. मग म्हणाली, “लाईन गेली. आता आली. दुसरी बंडी दे.” मी ओंजळभर दिले. तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. डाव्या हातात मागच्या बंडीचे जपलेले चिंचोके होते, आणि लाईन आली की पहिले तेच पुढं करायचे असं तिनंच मशीनला शिकवलं होतं. कोणाचं वजन बुडू नये, या काळजीनं.

“कल्पे, चुकी माही हाय,” ती म्हणाली. पुण्याच्या माणसानं असा प्रोग्राम लिहिलाच नसता. दर घडीला लाईन जाणार हे गृहीत धरून लिहिणारं माणूस आमच्याकडचंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सेठला सांगितलं. सेठ म्हणाला, तोंड बंद ठेवा, लोकांनाच वाचता येत नाही म्हणू. ती बाहेर आली आणि बंड्यांच्या रांगेकडं चालू लागली. मी पदर ओढत होते, म्हटलं, काल वाचलो तेवढं पुरे. दोनदा ती, खोटं नाही सांगत, बंडीच्या चाकाला धरून थांबली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कालची चुकी सेठची नोती. माही होती. लाईन जाईन या भेवानं मी मागचं वजन धरून ठेवलं, अन् ते शेषरावभाऊच्या नावावर निंगालं. सारे वजनं आता पुन्हा करा, हातानं.”

कोणी शिव्या दिल्या. कोणी थुंकलं. एक म्हातारी म्हणाली, “मंजे तुया भेवापाई झालं?” मॅडम म्हणाली, “हाव, मावशी.” शेषराव बैलाला पेंढी टाकत होता, त्यानं मान वर केली आणि पुन्हा पेंढी टाकू लागला.

तेवढ्यात फाटकातून एक माणूस धावत आला. धोतर सुटलेलं, एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी. मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. काकाजी. मिशीचा पीळ उतरलेला, तोंड उघडं, बोलायला जात होते आणि आवाज फुटत नव्हता. मॅडमला पाहिलं आणि ते जिथल्या तिथं धुळीत बसले.

घाटंजीच्या बाजारात जीपवाल्यानं सांगितलं होतं की दारव्ह्यात लोकांनी कम्प्युटरवाल्या पोरीला मारलं. मारलं म्हणजे किती मारलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. काकाजी तसेच जीपला लटकून निघाले होते. यवतमाळात जीप बदलताना दुसऱ्यानं सांगितलं, पोरगी वाचली नाही म्हणतात.

मॅडम त्यांना पाणी पाजत होती. तांब्या दातांवर वाजत होता. नेहमीची एकही फिरकी नाही. तांब्या बाजूला सारून ते म्हणाले, “शोभे, तू जाय.”

“कुठी?”

“अमेरिकेले. जिथं तो विलास हाय, तथी.”

“अन् तुमाले कोन पाहीन?”

“मी का बकरी हाय राखाले?” हे ते म्हणाले, पण हसवायला नाही. “तुले वाट्टे तूच भेतं. तू दारव्ह्याले आली तवापासून गावातल्या फोनवाल्याचं पोट्टं मायाकडे पयत आलं का माये पाय कापतात. एकटी पोरगी, परकं गाव, जीपीचा रस्ता. बोललो नाई कधी. थट्टा केली. पन त्या जीपीत आज मी काय काय पाह्यलं ते तुले नाई सांगत. तुले लाकडावर ठेवलेली पाह्यली मी, माय. आता पुन्हा पाहू नाई शकत. तू तिकडे गेली तं मायं एक भेव कमी होईन.”

मॅडम त्यांच्यासमोर धुळीत बसली होती. आपण बापाला राखतो आहोत असं तिला वाटत होतं, आणि बाप इतकी वर्षं तिच्यापायी झुरत होता. मला दोघांकडंही बघवेना. ती म्हणाली, “जाते मी, बाबा.” आणि बापाच्या अनवाणी पायात रुतलेला काटा काढू लागली.

कंपनीची मुलाखत फोनवर होती. क्लासचा फोन खरखरायचा, म्हणून बसस्टँडजवळच्या बूथवर गेलो. ती काचेच्या पेटीत, मी बाहेरून दार दाबून धरलेलं, कारण ते आपोआप उघडायचं आणि बसचा भोंगा आत जायचा. फोन वाजल्याबरोबर तिनं काचेतून माझ्याकडं पाहिलं. या खेपेला मला उचलता येत नव्हता. तिनंच उचलला. तिचं इंग्रजी पुस्तकी, पण चोख. शेवटी त्यांनी विचारलं, देश सोडून का यायचंय? मॅडमनं पाठ केलेलं उत्तर दिलं, चांगल्या संधीसाठी, नवं शिकण्यासाठी. बाहेर आली तेव्हा पोलकं घामानं भिजलेलं.

“खोटं बोलली वं मी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “मंग खरं सांगतलं असतं तं घेतलं असतं का त्याहिनं?”

गावात अर्थातच बोभाटा झाला. कोणी म्हणालं, चुकी केली आणि पळाली. कोणी म्हणालं, शिकली इथं, चाकरी तिकडं. मी भांडायचे सगळ्यांशी. आता भांडत नाही. पळालीच ती. पण घराला आग लागल्यावर माणूस दारातून बाहेर पडतो त्याला कोणी पळणं म्हणत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात त्या सालांत कोणत्या घराला धग नव्हती ते मला सांगा.

नागपूरच्या विमानतळावर आम्ही तिघंच गेलो, भाड्याची जीप करून. काकाजींनी मिशीला पुन्हा पीळ दिला होता, रस्ताभर ड्रायव्हरची फिरकी घेत होते. फाटकावरच्या शिपायानं सांगितलं, तिकीटवाल्यालाच आत सोडतो. मॅडम बापाच्या पाया पडली. मला जवळ घेतलं तेव्हा तिचं काळीज माझ्या अंगाला धडधडत लागत होतं. काचेचं दार आपोआप उघडलं तशी ती दचकून मागं सरली. मग पेटी ढकलत आत गेली. आत एका मशीनमधून सामान जात होतं, ती तिथं उभी राहून पायातली रबरी चप्पल काढू का, असं एका पोलिसीणबाईला विचारत होती. त्या बाईनं नको म्हणून हात हलवला. मग एक मोठं कुटुंब मध्ये आलं, आणि ते सरकलं तेव्हा ती तिथं नव्हती.

“मांगं वयून नाई पाह्यलं,” मी म्हटलं. माझे डोळे भरले होते.

“वयली असती तं वापस आली असती,” काकाजी म्हणाले. “माही पोरगी हाय, मले मालूम हाय.”

आम्ही जीपमध्ये बसलो. यवतमाळहून ड्रायव्हर आधी मला दारव्ह्याला सोडणार होता आणि मग काकाजींना गावी पोचवणार होता. शहर मागं पडलं, दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या काळ्या पऱ्हाट्या लागल्या. काकाजी खिडकीबाहेर पाहत होते. आता ड्रायव्हरची फिरकी नाही. मग अगदी सुखावल्यासारखा श्वास सोडून ते म्हणाले, “चाल, पोरगी सुटली. आता माया मांगं काहीच नाई राह्यलं. आता मी मोकया.”

मला कोठ्यातली ती बाटल्यांची फळी आठवली. “मंजे काय, काकाजी?” मी विचारलं.

“मंजे काई नाई वं.”

ते हसले. अगदी शांत हसले. मी त्यांचा हात धरला. खरबरीत हात, सरपणासारखा. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. यवतमाळात दारव्ह्याचा फाटा आला तेव्हा त्यानं जीप हळू केली, मी त्याला म्हटलं, सरळ घे, मी घाटंजीला येते.

“हात सोड वं, पोरी,” काकाजी म्हणाले. “मी कुठी जाऊन नाई राह्यलो.”

मी सोडला नाही.